धानाच्या मुलखात सिलिॲकची रक्ततपासणी
(वार्षिक सर्वसाधारण सभेत मोहाडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील बैठकीत विश्वस्त मंडळाने आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला होता. सिकलसेलच्या तपासणीसाठी गावोगावी रक्त घेतले जातेच; मग त्याच वेळी सिलिॲक आजाराचीही चाचणी का करू नये? सुई एकदाच टोचावी लागेल, आईबापांची रोजी एकदाच बुडेल, आणि आपल्या तालुक्यात हा आजार आहे की नाही, असल्यास किती, याचे एक चांगले संशोधनही उभे राहील. प्रश्न रास्त आहे. 'करावी' किंवा 'करू नये' एवढ्या एका शब्दात त्याचे उत्तर देता आले असते, तर आपण सर्वजण अर्धा तास आधी भोजनास बसलो असतो. तसे ते देता येत नाही, म्हणून आपला थोडा वेळ घेत आहोत.

प्रथम आजाराविषयी. गहू, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळताना तिला जो चिवटपणा येतो तो याच प्रथिनामुळे. काही व्यक्तींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. या अस्तरावर बोटांसारखे अतिसूक्ष्म उंचवटे असतात व त्यांच्या द्वारे अन्नरस शोषला जातो. ते झिजून सपाट झाले की खाल्लेले अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, पोट फुगते, जुलाब होतात. मात्र असे ठळक चित्र प्रत्येक वेळी दिसत नाही. पुष्कळदा जुलाब नसतातच. केवळ रक्तक्षय असतो, आणि लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने देऊनही हिमोग्लोबीन तसूभर वाढत नाही. आपल्या भागात रक्तक्षय म्हटला की आम्हा वैद्यकांच्या मनात प्रथम सिकलसेल, जंत आणि अपुरा आहार येतो, आणि तेच योग्य आहे. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९५८ साली केली. तेव्हापासून विदर्भाला या आजाराची ओळख आहे. सिलिॲकचे नाव मात्र आपल्याकडे बहुधा यादीच्या तळाशी असते.

लंडनच्या डॉ. सॅम्युअल जी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे नेटके वर्णन केले आणि तो बरा व्हायचा असेल तर आहारानेच होईल असे सांगितले. परंतु कोणता आहार, हे त्यांना उमगले नव्हते. ते उमगण्यास दुसरे महायुद्ध यावे लागले. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांचा गव्हावर आधीपासूनच संशय होता. त्या काळातील अनुभवाने तो बळावला, आणि पुढे मुलांच्या आहारावर पद्धतशीर प्रयोग करून १९५० मध्ये त्यांनी गव्हाचा संबंध आपल्या प्रबंधात मांडला. भारतातही हा आजार नवा नाही. उत्तर भारतीय मुलांतील सिलिॲकवरचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९६६ सालीच आलेला आहे.

आता रक्ततपासणीकडे वळू. पूर्वी आतड्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा एकच खात्रीचा मार्ग होता. धडधाकट दिसणाऱ्या हजारो लोकांवर तो प्रयोग कोण करू देणार? त्यामुळे समाजात हा आजार किती आहे हे मोजणेच शक्य नव्हते. रक्तातील प्रतिपिंडे शोधण्याच्या चाचण्या आल्यावर मोजणी शक्य झाली. प्रारंभी ग्लायडिन या गव्हातील घटकाविरुद्धची प्रतिपिंडे तपासली जात. ती चाचणी फसवी निघाली, कारण आतड्याच्या इतर विकारांतही ही प्रतिपिंडे वाढतात, आणि आपल्यासारख्या देशात आतड्याच्या विकारांना तोटा नाही. १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले की सिलिॲकमध्ये शरीर ज्या स्वतःच्या घटकावर हल्ला करते तो 'टिश्यू ट्रान्सग्लूटामिनेज' नावाचा विकर होय. त्याविरुद्धची आयजीए वर्गातील प्रतिपिंडे मोजणारी चाचणी, जिला आम्ही प्रयोगशाळेत थोडक्यात टीटीजी म्हणतो, तीच आज जगभर वापरली जाते.

ती करतात कशी, हे सभासदांनी एकदा पाहावे असे आम्हांला वाटते, कारण यंत्रातून कागद बाहेर आला की तो ब्रह्मवाक्य मानण्याची सवय सर्वांनाच लागली आहे. शिरेतून घेतलेले रक्त गोठू देऊन वरचे पिवळसर सीरम वेगळे करतात. ९६ छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या पट्टीत, तळाशी तो विकर आधीच चिकटवलेला असतो. सीरम विरळ करून त्यात घातले की प्रतिपिंडे असल्यास ती तळाला धरून बसतात. धुऊन टाकल्यावरही हटत नाहीत. मग रंग आणणारे द्रव्य घालतात व रंग किती गडद आला हे यंत्र मोजते. म्हणजे हाती येते ती रंगाची एक पायरी. कोणत्या पायरीपासून पुढे 'होकारार्थी' म्हणायचे, ती रेघ संच बनवणाऱ्या कंपनीने आखलेली असते. एका कंपनीची रेघ दुसरीशी जुळत नाही. त्यामुळे एका संचाचा आकडा दुसऱ्या संचाच्या आकड्याशेजारी ठेवून 'वाढला', 'घटला' असे म्हणणे चुकीचे आहे. रेघेला खेटून असलेला अहवाल आणि रेघेच्या दहा पट वर गेलेला अहवाल यांचेही वजन सारखे नसते.

सिकलसेलशी तुलना करताना एक मूलभूत फरक ध्यानी घ्यावा. सिकलसेलचा दोष जनुकात आहे. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने एकदा निश्चित झालेला अहवाल जन्मभराचा असतो. टीटीजीचा अहवाल हा त्या दिवसापुरता असतो. आज नकारार्थी असलेल्या मुलास पाच वर्षांनी हा आजार होऊ शकतो, कारण तो कोणत्याही वयात उद्भवतो. आणि तांत्रिक बाजूही वेगळी आहे: सिकलसेलच्या प्राथमिक विद्राव्यता चाचणीस बोटाच्या टोकावरचा थेंब पुरतो, प्रयोगशाळेतल्या टीटीजीस शिरेतील रक्त लागते. 'त्याच सुईत' हे म्हणणे म्हणूनच पूर्णतः खरे नाही.

आपल्या देशात या चाचणीच्या आधारे मोठे अभ्यास झाले आहेत. त्यांतील तिघांचा उल्लेख आम्ही करू. लुधियाना येथे डॉ. अजित सूद व सहकाऱ्यांनी केलेला शाळकरी मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४,३४७ मुलांपैकी आधी ठरवलेल्या लक्षणांवरून १९८ मुले संशयित म्हणून निवडली गेली. रक्त त्यांचे तपासले. २१ जणांत प्रतिपिंडे वाढलेली आढळली, दुर्बिणीच्या तपासणीस १७ जण तयार झाले, १४ जणांचे निदान पक्के झाले. म्हणजे ३१० मुलांमागे एक. त्यानंतर दिल्लीच्या परिसरातील लोकवस्तीचा, डॉ. गोविंद मखारिया व सहकाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात प्रतिपिंडे असणाऱ्यांचे प्रमाण १.४४ टक्के व आजाराचे प्रमाण १.०४ टक्के, म्हणजे ९६ माणसांमागे एक असे निघाले.

तिसरा अभ्यास आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, म्हणून त्यावर थोडे थांबू. डॉ. रामकृष्ण, डॉ. मखारिया आदींनी उत्तर, ईशान्य व दक्षिण भारतातील २३,३३१ प्रौढांचे रक्त तपासले. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या संचाने होकारार्थी आलेला प्रत्येक नमुना दुसऱ्या संचाने पुन्हा तपासला गेला. प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के आढळले. निदान झालेला आजार उत्तरेत हजारी ८.५३, ईशान्येत ४.६६ आणि दक्षिणेत हजारी ०.११. एकाच देशात एवढी तफावत! ती जनुकांमुळे असावी असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. परंतु या आजारास आवश्यक असणारी डीक्यू २ व डीक्यू ८ ही जनुकीय लक्षणे तिन्ही भागांत जवळपास सारखीच होती: अनुक्रमे सुमारे ३८, ३१ व ३६ टक्के लोकांत. फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. तथापि गहू हेच सर्वस्व, असेही म्हणता येत नाही; ईशान्य आणि दक्षिण यांच्या गव्हात फरक १२ ग्रॅमचा, आजारात मात्र चाळीस पटींचा आहे. विदर्भ या अभ्यासात नव्हता. म्हणून लुधियान्याचा आकडा उचलून मोहाडीस लावता येणार नाही, आणि दक्षिणेचाही येणार नाही.

मग मोहाडीत एखाद्याचा अहवाल होकारार्थी आला, तर त्याचा अर्थ काय? येथे थोडे गणित करू. शाळेतल्या त्रैराशिकापेक्षा अवघड नाही. समजा, एखादी चाचणी अशी आहे की ती १०० रुग्णांपैकी ९५ जणांना बरोबर ओळखते, आणि १,००० निरोगी माणसांपैकी पाचांना चुकून रुग्ण ठरवते. चाचणी उत्तमच म्हणावी लागेल. जेथे शंभरात एकास आजार आहे अशा मुलखातील १०,००० लोकांवर ती केली, तर १०० रुग्णांतील ९५ सापडतील व ९,९०० निरोगींतील सुमारे ५० जण चुकून अडकतील. होकारार्थी १४५, त्यांत खरे ९५, तिघांत दोघे. आता हीच चाचणी, हाच संच, हेच तंत्रज्ञ, पण दहा हजारांत एखादाच रुग्ण असलेल्या मुलखात नेऊ. खरा रुग्ण एक, चुकून अडकलेले पन्नास. चाचणी तीच, कागदावरचा शब्दही तोच 'पॉझिटिव्ह', आणि अर्थ मात्र पार वेगळा. वरच्या २०१६ च्या अभ्यासातील आकडेही याच दिशेने बोलतात. दोन संचांची चाळणी लावूनही दक्षिणेत नऊ-दहा होकारार्थी माणसांमागे निदान एकाचेच झाले; उत्तरेत दहांपैकी सात जणांचे. (दुर्बिणीच्या तपासणीस सर्वच तयार होत नाहीत, त्यामुळे काही खरे रुग्ण मोजणीतून सुटतात, हेही लक्षात ठेवावे.) आपला तालुका धानाचा. वैनगंगेच्या या खोऱ्यात आजार विरळ असण्याचा संभव अधिक, आणि जेथे आजार विरळ तेथे खोट्या होकाराची गर्दी अधिक.

उलट बाजूही आहे. प्रतिपिंडे तयार व्हायची तर गहू पोटात जावा लागतो. जो गहू खातच नाही त्याचे रक्त नकारार्थी येईल, मग त्याच्या जनुकांत काहीही असो. आपल्याकडे पूर्वी गहू सणासुदीचा पदार्थ होता. पोळ्याची पुरणपोळी, दिवाळीच्या करंज्या. आता रेशनवर तांदळाबरोबर गहूही येत आला आहे, डब्यात पोळी आली आहे, आणि चहाबरोबर बिस्कीट तर झोपडीपर्यंत पोहोचले आहे. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असते. रवा, मैदा, शेवया, पाव हे सर्व गव्हाचेच. बाजारातील बांधानी हिंगातही बहुधा मैदा असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून 'आम्ही भात खाणारे' एवढ्या उत्तरावर संशोधकाने समाधान मानू नये. रक्ताच्या प्रत्येक नमुन्याबरोबर घरच्या आहाराची नीट नोंद हवी. ती नसेल तर नकारार्थी अहवालाचा अर्थच लागणार नाही. तसेच सिलिॲकच्या रुग्णांपैकी २ ते ३ टक्के लोकांत आयजीए हे प्रतिपिंड मुळातच तयार होत नाही. त्यांची टीटीजी आजार असूनही नकारार्थी येते. यासाठी एकूण आयजीएची मोजणी सोबत करावी लागते.

गव्हाचे प्रमाण असे वाढत असताना आपल्या भागाची आजची स्थिती नोंदवून ठेवणे उपयोगाचे आहे, यात शंका नाही. वीस वर्षांनी कोणी तुलना करू म्हणेल तर त्याच्या हाती काही असावे. अमेरिकेत असे घडले आहे. वायोमिंगमधील एका हवाई तळावरील जवानांचे १९४८ ते १९५४ या काळात वेगळ्याच अभ्यासासाठी घेतलेले ९,१३३ सीरमचे नमुने जपून ठेवलेले होते. अर्धशतकानंतर ते तपासले, तेव्हा न ओळखलेला सिलिॲक ०.२ टक्के निघाला, आणि अलीकडच्या पिढीत तो त्याच्या चौपटीहून अधिक आढळला. आजार खरोखरच वाढतो आहे, केवळ तपासण्या वाढल्याने दिसतो आहे असे नव्हे, हे त्या गोठवलेल्या नळ्यांनी सिद्ध केले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शास्त्राच्या दृष्टीने हे काम थोरच आहे. पण ज्यांचे रक्त होते त्यांना त्यांच्या ऐन तारुण्यात ते काही सांगू शकले नाही.

येथेच आमचा मुख्य आग्रह आहे. संशोधनात माणसाला क्रमांक मिळतो, आणि संशोधकाला हवी असते ती टक्केवारी. टक्केवारी काढण्यास खोट्या होकाराची फारशी अडचण होत नाही; ती हिशोबात वजा करता येते. परंतु ज्या घरातील मुलीचा तो अहवाल आहे त्या घराला टक्केवारी समजत नाही. त्यांना एवढेच कळते की मुलीला गव्हाचा काही आजार आहे. पुढे तिचे लग्न आहे. सिकलसेलच्या संदर्भात गावात कुजबुज कशी पसरते हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मग होते काय, तर अहवाल हाती येताच कोणीतरी सांगतो, गहू बंद करा. घर घाबरून गहू बंद करते. चार-सहा महिन्यांनी ते मूल आमच्याकडे येते तेव्हा प्रतिपिंडे उतरलेली असतात, आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागलेले असते, आणि आजार होता की नव्हता हे सांगण्याचा मार्ग बंद झालेला असतो. खात्री करायची तर मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालावा लागतो. खरा रुग्ण असेल तर त्याला पुन्हा त्रास, नसेल तर जन्मभराचे विनाकारण पथ्य. अलीकडे शहरांत 'ग्लूटेन-फ्री' ही एक हौस झाली आहे. ज्यांना ती परवडते त्यांनी ती खुशाल करावी, पण आजाराशी तिची गल्लत नको.

शिल्लक रक्ताविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांचा रोख स्पष्ट आहे. एका कारणासाठी घेतलेला नमुना दुसऱ्या कारणासाठी वापरायचा तर नैतिकता समितीची मान्यता हवी आणि देणाऱ्याच्या संमतीचा विचार व्हायला हवा. सिकलसेलचे काम आज राष्ट्रीय अभियानाचा भाग आहे; १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे त्याचा प्रारंभ झाला. लोक त्यासाठी विश्वासाने हात पुढे करतात. त्या विश्वासाच्या बळावर न सांगता आणखी एखादी तपासणी उरकून घेणे आम्हांला मान्य नाही. रक्त शिल्लक असते, संमती शिल्लक नसते.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे आमचे म्हणणे असे. सरसकट सर्वांची सिलिॲक तपासणी आज सुरू करू नये. लुधियान्याच्या अभ्यासाप्रमाणे आधी लक्षणे विचारावीत आणि मग रक्त घ्यावे. ज्या मुलांचा रक्तक्षय सिकलसेल नसतानाही व लोह देऊनही हटत नाही, ज्यांची वाढ खुंटली आहे, ज्यांचे जुलाब थांबत नाहीत, ज्यांना लहान वयात इन्सुलिन लागणारा मधुमेह आहे, किंवा ज्यांच्या सख्ख्या नात्यात हा आजार निश्चित झाला आहे, त्यांची तपासणी अवश्य व्हावी. अशा निवडलेल्या मुलांत आजाराचा संभव मुळातच अधिक असल्याने होकारार्थी अहवालास अर्थ येतो. याखेरीज एखादी संशोधन संस्था व्यापक अभ्यासासाठी आली, तर तिचे स्वागत करावे, मात्र अटी आधी लिहून घ्याव्यात. होकारार्थी नमुना दुसऱ्या संचाने तपासला जाईल. दुर्बिणीच्या तपासणीसाठी भंडारा किंवा नागपूरला जावे लागले, तर जाण्यायेण्याचा खर्च व बुडालेली रोजी अभ्यासाच्या पैशांतून मिळेल. वैयक्तिक अहवाल ठरलेल्या मुदतीत, बंद पाकिटात, प्रत्यक्ष समजावून दिला जाईल. आशाताईंच्या हाती उघडी यादी देण्याचा प्रकार होणार नाही. निदान पक्के झाले तर पथ्य शिकवण्याची जबाबदारी कोणाची, हेही आधी ठरावे. हे पथ्य आपल्याकडे पंजाबाइतके कठीण नाही. भात आपलाच आहे, ज्वारीची भाकरी आहे, डाळी आहेत. कठीण जाते ते लग्नाच्या पंगतीत, प्रसादाच्या शिऱ्यापुढे आणि शाळेबाहेरच्या दुकानात.

संमतीपत्राचा मराठी मसुदा आम्ही तयार केला आहे. त्याच्या शिरोभागी ठळक अक्षरांत एकच वाक्य घातले आहे: 'डॉक्टरांनी पुढील तपासणी पूर्ण झाल्याचे सांगेपर्यंत गहू बंद करू नये.' ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते साक्षीदारासमक्ष वाचून दाखवावे, अशी त्यात तरतूद आहे. नमुने घेण्याचे दिवस रोवणी आटोपल्यानंतर व कापणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे भाद्रपद-आश्विनात असावेत. एरवी लोक येणार नाहीत आणि आलेच तर मजुरी सोडून यावे लागेल. मसुद्याची प्रत रुग्णालयाच्या कार्यालयात ठेवलेली आहे. सभासदांनी ती पाहून आपल्या सूचना पंधरा दिवसांत लेखी द्याव्यात, ही विनंती.